घाटापर्यंत पायी

९ जानेवारी

नेहल, माफ कर. वही तू दिवाळीत दिलीस आणि मी लिहायला बसतोय आज. इतके दिवस ती कपाटावर पडून होती. मधे तुझ्या आईने तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली, त्याचा गोल डाग पहिल्या पानावर उमटला आहे, म्हणून दुसऱ्या पानापासून सुरू करतो. ही वही मी तुला दाखवणार नाही. तरी माफी मागतो, कारण सुरुवात कशी करायची ते दुसरं काही सुचत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. शाळेत मराठी, घरात मारवाडी आणि दुकानात पन्नास वर्षं भिलोरी. लिहिणं म्हणजे पावती नाहीतर सुरतच्या आडत्याला पत्र.

नेहल माझी नात, पुण्याला असते. तिने तिचा जुना कॅमेरा पण दिला आहे. म्हणाली, दादाजी, आता दुकान बाबा बघतात, तुम्ही बाहेर पडा, डोंगरात जा, फोटो काढा, काय दिसलं ते लिहा. तिच्या ओळखीचे लोक असेच कॅमेरे घेऊन गडांवर जातात आणि त्यांना म्हणे स्वतःचा शोध लागतो. मी म्हटलं, मी हरवलोय कुठे? अक्कलकुव्यात कुणालाही विचार, इंदरमल शेठ कुठे बसतात ते सांगेल. ती हसली आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

पण आज लिहायला बसलो त्याचं कारण कॅमेरा नाही. सकाळी मेथी निवडता निवडता धनकंवर म्हणाली, "मला दीक्षा घ्यायची आहे. तुमची सही लागेल."

धनकंवर माझी बायको. वय सदुसष्ट. आमच्या जैनांत दीक्षा म्हणजे घर सोडायचं, पांढरे कपडे घालायचे, केस काढायचे आणि उरलेलं आयुष्य गावोगाव अनवाणी चालत राहायचं. मोटार नाही, फोन नाही, पत्र नाही. बाई लग्नाची असेल तर नवऱ्याने कागदावर लिहून परवानगी द्यावी लागते, त्याला आज्ञापत्र म्हणतात. ते हातात आल्याशिवाय महासतीजी, म्हणजे मोठ्या साध्वी, दीक्षा देत नाहीत.

मी म्हटलं, चहा गार झाला. ती उठली आणि गरम करून घेऊन आली.

११ जानेवारी

माझं काय चुकलं ते आठवत बसलो. तिच्या भावाच्या लग्नाला मी एकच दिवस थांबलो होतो. एकदा भाजीत मीठ नव्हतं तेव्हा ताट सरकवलं होतं, पण ते दुकानात उंदीर झाले होते त्या साली, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. अभिनंदनला विचारलं, तुझ्या आईला माझा राग आला आहे का. मुलगा म्हणाला, तिलाच विचारा ना. मुलांना सगळं सोपं वाटतं.

घरात बसवेना म्हणून कॅमेरा घेऊन खात्याच्या जीपमध्ये बसलो. खात्या अक्कलकुवा ते मोलगी सवारी भरतो. त्याचा बाप आमच्याकडून मीठ न्यायचा. मला पुढच्या सीटवर बघून त्याने विचारलं, कोण मयत झालं? त्याचंही बरोबर आहे. मोलगी, डाब, काठी या सगळ्या गावांची माणसं मी नावानिशी ओळखतो, कुणाचा आंबा लवकर सुकतो, कुणाच्या भगरीत खडे असतात ते सांगेन, पण देवगोईचा घाट मी आयुष्यात दोनदाच चढलो आहे. ते खाली यायचे, मी गादीवर बसायचो.

फोटो एकोणीस काढले. सात काळे आले. खात्या म्हणाला झाकण काढा.

२० जानेवारी

आज चौथ्यांदा गेलो. झाकणाचं लक्षात राहतं, आता बोट मधे येतं. छातीत थोडं धडधडतं वळणावर. गोळी बरोबर ठेवतो.

एका वळणावर दोन बाया डोक्यावर मोळ्या घेऊन येत होत्या. मागे दरीत धुकं, एकदम कॅलेंडरसारखं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आकडा फिरवला, श्वास धरला, दाबलं. फोटोत नुसता रस्ता. कडेला एकीची टाच.

खात्या बघत होता. म्हणाला, "शेठ, मानूस निंघी जास मंग तुम्ही बटन दाबतस."

मी म्हटलं, कॅमेरा जुना आहे.

संध्याकाळी धनकंवरने सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलं, रोजच्यासारखं. मग चष्मा लावून माझ्याजवळ बसली आणि कॅमेऱ्याच्या काचेत सगळे फोटो एकेक करून बघितले. मला वाटलं होतं काळ्या फोटोंना हसेल. हसली नाही. टाचेच्या फोटोवर बराच वेळ थांबली आणि विचारलं, "हा रस्ता पुढे कुठे जातो?"

मी म्हटलं, मोलगीला.

"मोलगीच्या पुढे?"

मला काय माहीत. जीप मोलगीला वळते.

२६ जानेवारी

तिने चप्पल सोडली आहे. रोज सकाळी अनवाणी सोरापाड्यापर्यंत जाऊन येते, सवय व्हावी म्हणून. गाडीत न बसण्याचा नियम पण घेतला आहे. रस्त्यावर ओळखीचे लोक मला विचारतात, शेठाणी चालत का जात होत्या, गाडी बिघडली का? मी हो म्हणतो.

शिखा, माझी सून, माझ्यासमोर काही बोलत नाही, पण काल स्वयंपाकघरात ती सासूच्या तळव्यांना एरंडेल लावत होती. म्हणजे त्या दोघींचं आधीच ठरलं आहे. मला सगळ्यांत शेवटी कळतं. का कळवलं नाही असं विचारावं तर कळवलंच आहे, ९ तारखेला, मेथीच्या वेळी.

२ फेब्रुवारी

महासतीजी तळोद्याहून परत आल्या. तीन साध्वी आहेत, मोठ्यांचं वय माझ्याएवढं असेल. मी वंदनेला गेलो तर त्या माझ्या तब्येतीबद्दल बोलल्या, सहीचा विषयही काढला नाही. त्यामुळे जास्तच घाबरलो. घरी येऊन म्हटलं, लिहून तर बघू, लिहिलं म्हणजे दिलं असं नाही.

दोन तास लागले. असं झालं:

"श्री. मी इंदरमल, राहणार अक्कलकुवा, लिहून देतो की, माझी पत्नी धनकंवर हिला आज रोजी चांगल्या स्थितीत, राजीखुशीने आपल्या ताब्यात देत आहे. काही तक्रार असल्यास आठ दिवसांत कळवावे."

वाचून बघितलं तर मला त्यात काही चूक दिसेना. अभिनंदनला दाखवलं. तो कागद घेऊन गोडाऊनमध्ये गेला आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आला. हसत होता की काय कोण जाणे. कागद त्याने आईला दिला, देऊ नको म्हटलं होतं तरी.

धनकंवर ओट्यावर बसून वाचत होती. तिने विचारलं, "तक्रार आली तर परत घ्याल?"

मी लगेच म्हटलं, "घेईन."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदर तोंडावर धरला आणि तसाच धरून ठेवला. मी पाणी आणायला गेलो, परत येईपर्यंत ती आत गेली होती. पाणी मीच प्यायलो.

७ फेब्रुवारी

छातीत दुखतं असं अभिनंदनला सांगितलं. दुखत होतंच, पण नेहमीएवढंच. तो मला नंदुरबारला घेऊन गेला. हृदयाची पट्टी काढली, रक्त काढलं, चालत्या पट्ट्यावर चालवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय तरुण माणसासारखं आहे, भरपूर फिरा. मला त्याचं वाईट का वाटलं ते कळत नाही.

१४ फेब्रुवारी

आजचं कसं लिहावं ते समजत नाही. जसं झालं तसं लिहितो.

खात्याने मला घाटाच्या वर एका पाड्याजवळ सोडलं आणि परतीच्या फेरीला घेतो म्हणाला. पळस फुलायला लागला आहे. मी त्याचे बरेच फोटो काढले, झाड पळून जात नाही. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. गजराबाई. आमच्या दुकानात आमचूर घालायला यायची ती. दहा वर्षं तरी आली नसेल, आता सून येते. अंगणात तूर झोडत होती. मला बघून हातातली काठी तिने खाली टाकली आणि खाट बाहेर काढली.

मी तिला कॅमेरा दाखवला. नात म्हणते यातून स्वतःचा शोध लागतो, असं सांगितलं. ती म्हणाली शेठ, आमच्याकडे हरवलेला बैल शोधतात, माणूस स्वतःहून येतो. मग तिने विचारलं शेठाणी कशा आहेत. मी बऱ्या आहेत म्हटलं. ती म्हणाली, या खाटेवर बसल्या होत्या. इथेच, याच बाजूला.

मी म्हटलं, कोण?

"शेठाणी," ती म्हणाली. "तुम्ही सुरतला गयथात तई. आमनासंगे चालत उनथ्यात."

मला आधी वाटलं म्हातारीला दुसरंच कोणी आठवतंय. पण तिने सगळं सांगितलं. तेव्हा अभिनंदन चार वर्षांचा होता, त्याला शेजारी ठेवलं होतं. आंबा सुकवायचे दिवस होते. बाजारातून परत निघालेल्या बायांबरोबर धनकंवर पण निघाली, घाट चढून आली. इथल्या दगडांवर आंब्याच्या फोडी वाळत होत्या त्या बघितल्या. घरचं उकळलेलं पाणी तिने लोट्यात आणलं होतं, तेच प्यायली. दुसरं काही खाल्लं नाही. पाड्याच्या मागे जी टेकडी आहे तिच्यावर जाऊन उभी राहिली आणि पलीकडे बघत राहिली. मग एकटी उतरली, सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून पळत उतरली.

मी त्या टेकडीवर गेलो. पलीकडे डोंगर, त्याच्या पलीकडे डोंगर, शेवटी पांढरं काहीतरी. नर्मदा असेल किंवा नुसतं आभाळ. फोटो काढला नाही. का नाही काढला?

१५ फेब्रुवारी

विचारलं. सकाळीच, चहाच्या आधी. तू गजराबाईच्या पाड्यावर गेली होतीस?

ती म्हणाली, "हो."

मला सांगितलं नाहीस?

"तुम्ही सुरतेहून आलात आणि मालाच्या गोष्टी सांगितल्या. इथे काय झालं ते विचारलं नाहीत."

अडतीस वर्षं झाली त्याला. अडतीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही असं होईल का? पण काय विचारायला हवं होतं, ते तरी माणसाला कसं कळावं? कोणता नवरा बायकोला विचारतो की मी नव्हतो तेव्हा तू घाट चढलीस का?

रात्री नेहलचा फोन आला. शोध लागला का दादाजी, म्हणाली. मी म्हटलं, माझा नाही लागला, तुझ्या दादीचा थोडा लागला, तो पण गजराबाईने लावला.

१ मार्च

गेलो नाही. अंगात कसकस. कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवली, आपोआप पेट घेईल अशी भीती वाटते.

९ मार्च

एक युक्ती सुचली आहे. इथे खरं लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही. तिला म्हणणार आहे, चल, तुला डोंगर दाखवतो. गाडीत ती बसणार नाही, चालावं लागेल. उन्हं तापायला लागली आहेत. सदुसष्ट वयात डांबरावर अनवाणी किती चालेल? पाय भाजले की तिलाच कळेल की हे जमायचं नाही. मी काही बोलायची गरज पडणार नाही. खात्याची जीप मागे ठेवीन, दमली की बसवीन. नियम मोडला म्हणून प्रायश्चित्त घेता येतं, मी चौकशी केली आहे.

हे कपट आहे का? मला काळजी वाटते म्हणून करतोय.

१२ मार्च

सूर्य उगवल्यावर निघालो. त्याआधी ती निघेना, अंधारात पायाखालचा जीव दिसत नाही. हातात पाण्याचा लोटा, डोक्यावर पदर. ती पुढे आणि मी खात्याच्या जीपमध्ये मागे, पहिल्या गिअरमध्ये. इंजिन तापलं. खात्या दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघायचा आणि मी समोर बघायचो. मी काचेतून तिचे फोटो काढत होतो, काहीतरी करायला हवं म्हणून.

वाटेत घागर घेतलेली एक बाई थांबली. तिने खात्याला विचारलं, शेठाणी चालते आणि शेठ बसून, असं का?

खात्या म्हणाला, "शेठना पाय अजून नवा शेतस. वापरेल नहीत."

ती घागर सांभाळत हसली. मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग खात्याला थांबवलं आणि उतरलो.

आमच्यात बाईने नवऱ्याच्या मागे चालायची रीत. लग्नात मी पुढे होतो, बाजारात मी पुढे, साध्वींच्या स्थानकात जाताना मी पुढे. त्यामुळे ती कशी चालते ते मला माहीतच नव्हतं. ती भरभर चालते. डांबराच्या कडेला मातीची पट्टी असते तिच्यावरून चालते, आधी बघते, मग पाय टाकते. काटा लागला तर थांबत नाही, दोन पावलं तशीच टाकते आणि मग वाकून काढते. मी चप्पल घालून धापा टाकत होतो. तिला गाठायला मला एक फर्लांग लागला. गाठल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, तुमचा शर्ट बाहेर आला आहे.

घाट सुरू होतो तिथे कठड्यावर बसलो. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी तिच्या पायांकडे बघितलं, युक्तीप्रमाणे. लाल झाले होते. धुळीत एका बोटाला रक्त दिसत होतं. ती त्या पायांकडे बघतसुद्धा नव्हती, घाटाकडे बघत होती.

म्हणाली, "तुमच्यावर रागावून जाते असं वाटतं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, मग कशासाठी?

"आत्म्याचं कल्याण तर आहेच. ते मी महासतीजींना सांगितलं." तिने लोट्याचं झाकण काढलं. "तुम्हाला वेगळं सांगते. मला चालायला आवडतं."

एवढंच. मला वाटलं आणखी काही येईल. पण ती लोट्यातलं पाणी घोट घोट पीत राहिली. मी म्हटलं, चालायला आवडतं म्हणून कोणी घर सोडतं का? रोज सोरापाड्याला जा, हवं तर गजराबाईकडे जा, मी बरोबर येईन.

"आणि परत यायचं," ती म्हणाली.

हो, परत यायचं. माणूस जातो तो परत येण्यासाठीच ना? मला तिचं बोलणं कळलं नाही. आताही कळलेलं नाही.

मी कॅमेरा काढला. आता समोरून एक काढतो, म्हटलं. तिने हात आडवा धरला. साध्वी झाल्यावर फोटो काढू देत नाहीत, मोठ्या महासतीजींची सक्त मनाई आहे, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. मी म्हटलं, अजून तर झाली नाहीस. ती म्हणाली, सोडायचंच आहे ते आजपासून सोडते, द्या इकडे.

कॅमेरा तिने घेतला. कुठे दाबायचं ते विचारलं. मी उभा राहिलो. ती म्हणाली, "मान वर करा. गिऱ्हाइकाकडे बघता तसं नका बघू."

मग कसं बघू?

तिने तेवढ्यात दाबलं.

परत येताना पण ती चालत आली. मी जीपमध्ये बसलो नाही, पण गावाजवळचा शेवटचा चढ आला तेव्हा खात्याने माझा दंड धरला. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी जीपमध्ये बसलो असतो.

आता फोटो बघतो आहे. एक म्हातारा आहे. कॅमेरा तिच्या हातात, त्यामुळे माझे हात रिकामे, आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळत नाही असं फोटोत स्पष्ट दिसतं. तोंड किंचित उघडं. मागे घाट. हा माणूस मला ओळखीचा वाटत नाही. माझ्यासारखा दिसतो, पण हा काहीतरी विचारणार आहे असं वाटतं. मी असा नाही. मी सहसा काही विचारत नाही.

१३ मार्च

सही केली.

या वेळी अभिनंदनला विचारून लिहिलं नाही. "माझी पत्नी धनकंवर हिला दीक्षा घ्यायची आहे. माझी हरकत नाही. इंदरमल." हरकत नाही हे खोटं आहे, पण हरकत आहे तरी जाऊ देतो, असं लिहायची पद्धत नाही.

कागद दिल्यावर दिवसभर वाटत होतं की कुठेतरी काहीतरी उघडं राहिलं आहे. दोनदा गोडाऊनचं कुलूप बघून आलो.

२२ एप्रिल

दीक्षा झाली.

सकाळी तिला नवरीसारखं नटवलं होतं, ती रीत आहे. वाजतगाजत नेलं, बग्गीत ती बसली नाही, चालत गेली. गजराबाई सुनेला घेऊन आली होती, मंडपाच्या कडेला उभी. घाटावरच्या गावांचे आणखी बरेच जण होते, मी सगळ्यांना आत बसा म्हणत फिरत होतो, लग्नघरात फिरतात तसा. मग ती आत गेली. बाहेर आली ती पांढऱ्या कपड्यात. डोक्यावर केस नाहीत. तोंडावर पांढरी पट्टी, हातात पायाखालचा जीव बाजूला सारायचा लोकरीचा ओघा. डोळे तेवढे दिसत होते. नवीन नाव पुकारलं. ते मी इथे लिहिणार होतो, पण अजून हात वळत नाही.

सगळ्यांनी वंदना केली. मी पण केली. गुडघे टेकताना अभिनंदनने धरलं. डोकं खाली होतं तेव्हा तिचे पाय दिसले. मार्चमधल्या जखमेचा वण अजून दिसत होता.

कॅमेरा घरीच राहिला. विसरलो की मुद्दाम ठेवला, मला नक्की सांगता येत नाही.

नेहल चार दिवस झाले आली आहे. माझे सगळे फोटो तिने तिच्या संगणकात घेतले. म्हणाली, दादाजी, दादीचे एकेचाळीस फोटो आहेत आणि सगळे पाठीचे? एक पण चेहरा नाही?

मी तिला समजावलं की मी जीपमध्ये मागे होतो. ती फोटो पुढे सरकवत राहिली. मग म्हणाली, पण तुमचा हा एक फोटो कोणी काढला? हा खूप चांगला आहे.

२९ एप्रिल

त्यांचा विहार झाला, पायी निघून चार दिवस झाले. चार साध्वी आता. नवापूरच्या दिशेने गेल्या, तिथून सुरतेकडे. चातुर्मास कुठे ते ठरलेलं नाही. खांडबाऱ्याच्या आमच्या समाजातल्या एका श्रावकाने अभिनंदनला फोन केला की तिथे पोचल्या, सुखरूप आहेत. सगळे सुखरूप असं म्हणाला. सगळ्यांचं मी काय करू?

६ मे

घरात बसवेना. गजराबाईकडे गेलो, जीपने. आंब्याच्या फोडी दगडांवर घातल्या आहेत, सगळी टेकडी पांढरी दिसते आणि वास लांबून येतो. हा वास मी पन्नास वर्षं पोत्यातून घेतला. उघड्यावर तो वेगळा असतो. बरेच फोटो काढले. गजराबाईचा एक वेळेवर निघाला, ती फोडी परतत होती आणि माझ्याकडे बघून काहीतरी चिडून बोलत होती.

तिने विचारलं शेठाणी कुठवर गेल्या. मी म्हटलं माहीत नाही. फोन तर आहे ना, म्हणाली. मी सांगितलं की त्या फोन वापरत नाहीत, पत्रही लिहीत नाहीत.

ती म्हणाली, "मंग काय झालं. जाणारा मानूसजवळ सांगी देवो. आम्ही तसंच करतस."

१८ मे

आज मी चप्पल न घालता निघालो. कोणाला सांगितलं नाही, अभिनंदनने दारातूनच परत फिरवलं असतं. ठरवलं होतं घाटापर्यंत. गावाबाहेरच्या पुलापर्यंतच गेलो. डांबर नऊ वाजताच पोळायला लागतं. मातीची पट्टी कडेला असते हे मला माहीत होतं, पण तिच्यावर बाभळीचे काटे आहेत हे बघून कळत नाही, चालून कळतं. पुलाच्या कठड्यावर बसलो. दोन्ही टाचांना फोड आले. येताना खात्या भेटला, त्याने जीपचं दार उघडलं. शिखाने एरंडेल लावलं.

टाचा ठणकताहेत, म्हणून झोप नाही. म्हणून लिहितो.

हे नेहलला नाही. हे तुला. तुला म्हणायची आता परवानगी नाही, तेवढं मला समजतं. आपल्याला. खांडबाऱ्याचे ते श्रावक परवा सुरतेला जाणार आहेत, वाटेत वंदना करतील. हा कागद वहीतून फाडून त्यांच्याजवळ देता येणार नाही, आपण घेणार नाही आणि ते आणणार नाहीत. पण निरोप तोंडी देता येतो. मी त्यांना एवढंच सांगणार आहे, त्यांच्या लक्षात राहील इतकंच.

आपल्या पायाला फोड आले तर आपण काय करता? फुटू देता की तसेच चालता? इथे शिखा म्हणते सुईने फोडा, पण आपल्याला सुई चालते का ते मला माहीत नाही. मोलगीच्या पुढे रस्ता कुठे जातो ते मी खात्याला विचारलं आहे, तो म्हणतो खाली नदीपर्यंत जातो आणि पाण्यात संपतो. आपण गेलात तो रस्ता कुठवर गेला?

मी विचारायला उशीर केला, हे खरं आहे. तरी विचारतो. वाटेत जो कोणी इकडे येणारा भेटेल, व्यापारी असो, ड्रायव्हर असो, त्याच्याजवळ दोन शब्द सांगा. पायांचं सांगितलं तरी चालेल. मी रोज सकाळी बस थांबते तिथे जाऊन बसतो. लवकर निरोप पाठवा.